अग्निशामकाचा जीवदोर

आगीपासून संरक्षण हा विषय शिकविताना आपण मुलांना सांगतो की, मोठ्या शहरांत आग लागली म्हणजे अग्निशमन दलाचे जवान बंब घेऊन धावतात, शिडी लावतात आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढतात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, आणि तो जवानच आत अडकला तर?” प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास मोठमोठ्या शहरांनाही पुष्कळ काळ लागला व त्यापायी माणसे गमवावी लागली. त्या उत्तराची ओळख शिक्षकबंधुभगिनींस व्हावी, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

शिडी का पुरत नाही?

उंच इमारतीत जवान शक्यतो जिन्याने वर जातो आणि जिन्यानेच परततो. तथापि जिन्याच्या बाजूस आगीचा भडका उडाला, तर खिडकीखेरीज त्याला दुसरी वाट उरत नाही. गाडीवरील लांब शिडी रस्त्याकडील खिडकीशी पोचते. मागील चौकात किंवा अरुंद बोळात ती नेता येत नाही. शिडी फिरवून लावण्यास वेळ लागतो आणि पेटलेल्या खोलीत जवानाच्या हाती केवळ काही सेकंद असतात. उडी मारावी, तर १५ मीटर उंचीवरून पडणारा मनुष्य पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो व त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर असतो. म्हणजे भरधाव मोटारीतून बाहेर फेकले जाण्यासारखेच ते होय.

न्यूयॉर्क शहराचा अनुभव

जून १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका आगीत वरच्या मजल्यावर अडकलेल्या जवानास सोडविण्यासाठी दुसऱ्या जवानास दोराने खाली सोडण्यात आले. दोर तुटला आणि दोघेही मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर अग्निशामकांच्या दोरांची कसोटी कडक झाली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने अशा दोरांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कच्या जवानांना वैयक्तिक दोरही मिळाले. परंतु ते क्वचितच वापरले जातात, बाळगण्यास अडचणीचे होतात, अशी कारणे पुढे आली आणि २००० च्या सुमारास ते देणे बंद झाले.

रविवार, दि. २३ जानेवारी २००५ रोजी त्याच शहरातील ब्रॉन्क्स भागात, बर्फाच्या वादळात, एका चार मजली इमारतीस आग लागली. सहा जवान चौथ्या मजल्यावर कोणी अडकले आहे काय, हे शोधीत होते. खालच्या मजल्यावरील आग वर आली. घरात बेकायदा उभारलेल्या आडभिंतींमुळे बाहेर पडण्याच्या जिन्याकडील वाट अडली होती. सहाही जणांना खिडकीतून बाहेर पडावे लागले. दोघे मृत्यू पावले. चौघे गंभीर जखमी झाले. त्यांपैकी एकाजवळ स्वतःच्या पैशाने घेतलेला दोर होता. त्याचा दोघांनी आधार घेतला. तेही पडले व जबर जखमी झाले, पण त्या दिवशी त्यांचे प्राण वाचले. इमारत गगनचुंबी नव्हती, चार मजल्यांचीच होती, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या जवानांना नवे साधन देण्यास आरंभ झाला. त्याची घडण ठरविताना दलातील अनुभवी जवानांचाच सल्ला व हात होता. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने याविषयी कायदाही केला.

साधनाची चार अंगे

हे साधन जवानाच्या कमरेस छोट्या पिशवीत राहते. त्याची अंगे चार:

१. पट्टा. तो कमरेभोवती व मांड्यांभोवती असतो. शरीराचा भार एकाच जागी न पडता विभागला जातो.

२. आकडा. दोराच्या टोकास टोकदार, मजबूत धातूचा आकडा असतो. तो खिडकीच्या उंबऱ्याच्या कोपऱ्यात रुतवितात, किंवा दोराचा वेढा एखाद्या पक्क्या नळास घालून आकडा दोरातच अडकवितात. शरीराचा भार पडेपर्यंत तो हाताने दाबून धरावा लागतो.

३. दोर. न्यूयॉर्कमधील दोर सुमारे ५० फूट लांब असून त्याची जाडी साडेसात मिलिमीटर, म्हणजे करंगळीहूनही कमी आहे. साधा नायलॉन सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. पेटलेल्या खोलीचे तपमान याहून पुष्कळ अधिक असू शकते. म्हणून येथे अॅरामिड जातीचे तंतू वापरतात. ते वितळत नाहीत व बऱ्याच अधिक उष्णतेपर्यंत टिकाव धरतात. अधिक उंचीवर दोर जमिनीपर्यंत पोचण्याची गरज नसते. आगीखालील मजल्याच्या खिडकीत शिरता आले, तरी जीव वाचतो.

४. उतरण्याची कळ. तिला डिसेंडर म्हणतात. तीमधून दोर वळणे घेत जातो. भार पडताच ती दोर आवळून धरते; मूठ दाबली की दोर हळूहळू सुटतो, सोडली की जवान जागीच थांबतो.

ही कळ घर्षणाच्या तत्त्वावर चालते. उधळलेल्या बैलाचे दावे नुसत्या हातांनी आवरत नाही. तेच दावे खुंटास दोन-तीन वेढे देऊन धरले, तर लहान मुलासही ते धरून ठेवता येते. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण वाढते आणि हातावरील ओढ कमी होते. नुसता दोर हाती धरून उतरणाऱ्याचे तळवे सोलून निघतात व पकड सुटते. बैल ओढणारा खुंट येथे लहान होऊन जवानाच्या कमरेशी आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

सराव हेच पाचवे अंग

साधन कमरेस असूनही ते वापरण्याची सवय नसेल, तर उपयोग नाही. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, हातांत जाड मोजे असतात, मनात भीती असते. म्हणून आकडा काढणे, रुतविणे, खिडकीबाहेर अंग झोकून भार दोरावर देणे, ही क्रिया जवानांकडून पुनःपुन्हा करवून घेतात. विचार करण्यास सवड नसते. हाताला आपोआप आठवले पाहिजे.

वर्गातील उपयोग

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाच्या साठाहून अधिक जवानांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळला जातो. त्या सुमारास हा पाठ घेतल्यास उचित होईल. दोन विद्यार्थ्यांना दोराच्या दोन टोकांशी उभे करावे व मध्ये पटांगणातील खांबास एक, दोन, तीन असे वेढे देत ओढीतील फरक त्यांना स्वतः अनुभवू द्यावा. दोराने उंचावरून उतरण्याचा प्रयोग मात्र मुलांकडून कदापि करवू नये.

शेवटी मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे अवश्य वेधावे. दोर क्वचितच लागतो, म्हणून तो काढून घेतला गेला. आणि ज्या दिवशी लागला, त्या दिवशी तो कमरेस नव्हता. आपल्या शाळेतील वाळूची बादली, प्रथमोपचाराची पेटी, विहिरीवरील कठडा यांनाही हाच न्याय लागू आहे. वर्षानुवर्षे उपयोगात न आलेली वस्तू निरुपयोगी असतेच असे नाही. ती जागेवर आहे ना, हे आज शाळा सुटण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.