हवेतील धूळ आणि संत्र्याची बाग

पाऊस लांबला किंवा कीड पडली, की बागायतदार तत्काळ सावध होतो. हवा बिघडली तर मात्र ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माणूस धुरापासून दूर जाऊ शकतो. झाडाला ती सोय नाही. ज्या हवेत ते रुजले, त्याच हवेत त्याला आयुष्य काढावे लागते.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा मराठीभाषकांचा आणि संत्र्याच्या बागांचा मुलूख. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तालुका त्यातच आहे. नागपूरहून सावनेरमार्गे येणारा एक महामार्ग पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. येथील मँगनीजयुक्त खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रात ‘सौंसर’ हेच नाव आहे. बागा, खाणी आणि महामार्ग असे शेजारी असल्यामुळे हवेच्या प्रदूषणाचा विचार येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

प्रदूषण म्हणजे काय?

कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. सजीवांना अपाय होईल इतक्या प्रमाणात परके वायू किंवा कण तीत मिसळले, की हवा प्रदूषित झाली असे आपण म्हणतो. वावटळ व वणवा ही निसर्गाची कारणे. वाहने, वीटभट्ट्या, खाणी, कारखाने व कोळशावर चालणारी वीजकेंद्रे ही माणसाची.

वायूंचे परिणाम

पानांवर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म छिद्रे असतात. कार्बन डाय-ऑक्साइड त्यांतूनच आत जातो आणि विषारी वायूही त्याच वाटेने शिरतात. कोळशातील गंधक जळून होणारा सल्फर डाय-ऑक्साइड पानातील ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो, हरितद्रव्याचा नाश करतो आणि शिरांमधला भाग फिकट पडतो. वाहनांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात लिंबू-संत्र्याची काही झाडे शुद्ध हवेत व काही नेहमीच्या धुरकट हवेत ठेवून तुलना केली गेली. धुरकट हवेतील झाडांची पाने व फळे अधिक गळाली आणि उत्पन्न घटले.

आपल्या देशातही दाखले आहेत. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये वीटभट्ट्यांच्या धुराने आंब्याच्या फळाचे टोक काळे पडते. भोपाळमध्ये १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री विषारी वायूने हजारो माणसे बळी पडली. त्या भागातील झाडांची पानेही करपून गळाली.

धुळीचे परिणाम

वायूची इजा निदान डोळ्यांना दिसते. धूळ मात्र गुपचूप नुकसान करते. तिच्या थरामुळे पानाला प्रकाश कमी मिळतो, पान तापते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. संत्र्याची पर्णरंध्रे मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूस असतात, म्हणून ती काहीशी सुरक्षित राहतात. पण झाड सदाहरित असल्याने एकच पान वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ धूळ झेलत राहते.

त्यातून ऋतूही प्रतिकूल. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि लहान फळे उन्हाळ्यात वाढतात. झाडाला अन्नाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पाने धुऊन काढणारा पाऊस नसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. धुळकट झाडांवर कोळी व खवले कीड वाढते, कारण त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना धुळीत वावरणे कठीण जाते. बागायतदार औषध फवारतो, त्यात उरलेसुरले मित्रकीटकही मरतात आणि काही दिवसांनी कीड पुन्हा येते. मूळ कारण रस्त्यावर असते. खर्च बागेत होतो.

मात्र प्रत्येक काळे पान धुराने काळे झालेले नसते. संत्र्यावरील कोळशी ही काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी आहे. दोष हवेला देण्यापूर्वी पान उलटून त्याखाली माशीची पिले आहेत का, हे पाहिले पाहिजे.

उपाय

हवेच्या प्रदूषणाविरुद्ध आपल्याकडे १९८१ पासून कायदा आहे. पण कायद्याला गावाची जोड हवी. कच्च्या रस्त्यांवर पाणी मारणे, खनिजाचे ट्रक झाकून नेणे, बागेच्या कडेला उंच झाडांची दाट ओळ लावणे, वीटभट्ट्या बागांपासून दूर ठेवणे, हे सारे आपल्या आवाक्यातले आहे.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याची सुरुवात करावी. रस्त्याकाठचे एक व बागेच्या मध्यभागातील एक झाड निवडून दर आठवड्याला दोहोंची पाने ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसावीत, कोळी मोजावेत, गळलेली फळे नोंदवावीत. वर्षभराची अशी वही बागायतदारापुढे ठेवली, तर पुढच्या फवारणीपूर्वी तो एकदा रस्त्याकडेही पाहील.