‘मस्ट’ लिहिले आणि रजा अडकली

बी.कॉम. होऊन आम्ही नुकतेच कारकुनीला लागलो होतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. आठ दिवसांची रजा हवी होती. अर्ज इंग्रजीत लिहिला तर साहेबांवर छाप पडेल, असे मनाने घेतले. ‘माझी रजा मंजूर केली पाहिजे’ हे मराठी वाक्य डोक्यात तयार होते आणि ‘पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट’ हे शाळेपासून तोंडपाठ. बेधडक लिहून टाकले, ‘यू मस्ट सँक्शन माय लीव्ह.’

साहेबांनी ‘मस्ट’भोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले आणि विचारले, “इथे हुकूम कोणी कोणाला द्यायचा?” दोन दिवस अर्ज टेबलावर तसाच पडून राहिला. शेवटी हेडक्लार्कना दया आली. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि ‘आय रिक्वेस्ट यू टू’ अशी सुरुवात करून दिली. रजा त्याच दुपारी मिळाली. गंमत अशी की, व्याकरणाच्या दृष्टीने आमच्या पहिल्या वाक्यात एकही चूक नव्हती.

वस्तीतल्या मुलामुलींना आम्ही संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, तेव्हा ही फजिती पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू होई. राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आले. तरी अडायची जागा तीच राहिली आहे. शब्द येतात, पण कोणता शब्द कोणापुढे ठेवायचा ते उमगत नाही.

आपल्या मराठीत मान सर्वनामात असतो. धाकट्याला ‘तू’, मोठ्याला ‘तुम्ही’, फारच मोठ्याला ‘आपण’. इंग्रजीत साहेबही ‘यू’ आणि चहावाला पोरगाही ‘यू’. पूर्वी जवळच्या माणसासाठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता, पण तो रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला. मग इंग्रज मान ठेवतो कुठे? बऱ्याच अंशी कॅन, कुड, मे, वुड या साहाय्यक क्रियापदांत. ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणजे ‘पाणी दे’. ‘कॅन यू गिव्ह मी वॉटर’ म्हणजे ‘पाणी देतोस का’. ‘कुड यू’ म्हटले की ‘जरा पाणी देता का’ असा सूर लागतो. मुले हटकून विचारतात, कुड तर कॅनचा भूतकाळ, मग पाणी आत्ता मागताना भूतकाळ कशाला? आम्ही त्यांना उलट विचारतो, साहेबांच्या दारात उभे राहून तुम्ही काय म्हणता? “साहेब, एक विचारायचे होते.” विचारायचे तर आत्ताच असते, मग ‘होते’ कशाला? भूतकाळ घातला की मागणी एक पाऊल मागे सरकते आणि समोरच्याला ती टोचत नाही. दोन्ही भाषांनी ही एकच युक्ती शोधून काढली आहे.

या क्रियापदांचे नियम थोडे आहेत. ‘ही’ आणि ‘शी’पुढे त्यांना एस लागत नाही, म्हणून ‘ही कॅन्स’ नाही. पुढे ‘टू’ येत नाही, म्हणून ‘कॅन टू गो’ नाही. प्रश्नाला ‘डू’ लागत नाही, क्रियापदच उचलून पुढे आणायचे. एवढे जमले की व्याकरणाचा भाग झाला. अर्थाचा भाग मात्र राहतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ यांचा अर्थ जवळजवळ सारखाच, जावे लागेल. पण नकार आला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे जाता कामा नये. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे जायची गरज नाही, गेलात तरी हरकत नाही. कारखान्यात यंत्रावर पहिल्या प्रकारची पाटी असेल आणि कामगाराने ती दुसऱ्या अर्थाने वाचली, तर बोटे जायची वेळ यायची.

‘मे’ तर दुतोंडी आहे. ‘मे आय कम इन’ हे मराठी शाळेतल्या पोरालाही येते, तो परवानगीचा मे. पण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर झोप येण्याबद्दल ‘मे’ लिहिलेले असते, ती शक्यता. झोप येईलच असे नाही, येऊ शकते. आमच्या शेजारच्या वहिनींनी बाटलीवरचे बारीक अक्षर मुलाकडून वाचून घेतले. त्याने ‘मे’ म्हणजे परवानगी असे शिकलेले, म्हणून तो म्हणाला, “हे घेऊन झोपायला परवानगी आहे.” वहिनींचे यजमान रिक्षा चालवतात. त्यांनी औषध घेऊन रिक्षा काढली नाही हे नशीब.

कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’ आणि ‘मे’ ही जोडी नीट पाहावी. सर्वसाधारणपणे शॅल म्हणजे करावेच लागेल आणि मे म्हणजे करता येईल. न्यायालये कधी कधी संदर्भ पाहून ‘मे’चा अर्थ ‘शॅल’सारखा लावतात, ती गोष्ट निराळी. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१क इंग्रजीतून काढून पाहा. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी तिथे शॅल आहे, आणि ते कोणत्या पद्धतीने द्यायचे हे कायद्याने ठरवण्याविषयी मे. म्हणजे पद्धत निवडायला सरकार मोकळे, शिक्षण द्यावे की न द्यावे यात मोकळे नाही. मुलाच्या दाखल्यासाठी खेपा घालणाऱ्या आईबापांनी हे दोन शब्द ओळखून ठेवावेत.

आता माय, युवर, हिज, हर यांच्याकडे येऊ. ‘त्याची आई’ याचे इंग्रजी विचारले की निम्मा वर्ग ‘हर मदर’ म्हणतो. आई बाई आहे, म्हणून हर! मराठी ‘त्याची’ या शब्दात दोन गोष्टी असतात. ‘त्या’ मालक सांगतो आणि ‘ची’ वस्तूचे लिंग. इंग्रजीला वस्तूच्या लिंगाशी देणेघेणे नाही. म्हणून आम्ही मुलांना चा-ची-चे अंगठ्याने झाकायला लावतो. मुलाबद्दलचा ‘त्या’ उरला तर हिज, ‘ति’ उरली तर हर.

एक गोष्ट मात्र इंग्रजीला साधत नाही. ‘आमचे घर’ म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपले घर’ म्हटले तर तोही आत येतो. इंग्रजीत दोन्हीला ‘अवर’. इथे मराठी श्रीमंत आहे, असे आम्हास वाटते. आणि अर्जाखाली ‘युवर्स फेथफुली’ लिहिताना एसच्या आधी वर जी शेपटी काढतात, ती काढू नये. युवर्स, हर्स, अवर्स यांना शेपटी नसते. जुन्या नोकरदारांच्या अर्जांतही ती आम्ही रोज पाहतो.

मानाचा शब्द उलटतो कसा, ते आमच्या वर्गातल्या एका मुलीला कळले. मुलाखतीत तिला वडिलांबद्दल विचारले. घरी वडिलांना ‘ते’ म्हणायची सवय, म्हणून ती म्हणाली, ‘दे आर फिटर. देअर फॅक्टरी इज क्लोज्ड.’ समोरच्यांपैकी एकाने हसून विचारले, “किती वडील आहेत तुला?” पोर रडत परत आली. तिने वडिलांचा मान राखला होता आणि हसे तिचेच झाले. इंग्रजीत एक माणूस म्हणजे एकच, मग तो बाप असो की राष्ट्रपती, ‘ही’ आणि ‘हिज’. पंधरा दिवस आम्ही तिच्याकडून तेच घोकून घेतले. पुढच्या मुलाखतीत ‘माय फादर’ म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि मग ‘ही’ म्हणाली. घरी येऊन वडिलांना म्हणाली, “बाबा, आज तुम्हाला चारचौघांत अरे-तुरे केले.” वडील हसले आणि म्हणाले, “नोकरी मिळते का ते आधी सांग.”