अभ्यासाला बसायचं कुठे?

  

वेळेच्या नियोजनावरचा भाग झाल्यापासून एक प्रश्न फार वेळा आला, आणि बहुतेक आयांकडून आला. मुलगा किंवा मुलगी बारावीला आहे, अभ्यासाची खोली कशी तयार करू? काहींनी टेबलांचे फोटो पाठवले. यातलं कुठलं घेऊ? एका टेबलाला तर फोन चार्ज करायला खास कप्पा होता. त्या कप्प्याबद्दल माझं मत पुढे सांगतो.

माझं पहिलं उत्तर असं की आठ दिवस काहीही विकत घेऊ नका. त्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा की संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कोण काय सोडणार. टीव्ही कोण बंद करणार, फोनवर मोठ्याने बोलणं कोण टाळणार, पाहुणे आले तर त्यांना कुठे बसवणार. हे ठरलं की निम्मी जागा तयार झाली. हे ठरलं नाही तर अठरा हजारांच्या टेबलावर आठवड्याभरात इस्त्रीचे कपडे दिसतील.

हे मला फार उशिरा कळलं. माझा मुलगा बारावीला होता तेव्हा कुटुंब इथे भिलाईत आणि मी सीमेवर. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आलो तो मनाशी मोहीम ठरवूनच. घराची रेकी केली, पाहुण्यांची खोली रिकामी करवली, टेबल, खुर्ची, नवी ट्यूबलाईट, भिंतीवर वेळापत्रक. त्याचा क्रिकेटपटूचा फोटोही मीच काढला. खोली अशी झाली की कमांडिंग ऑफिसरने येऊन पाहावी. आणि पाहणारा कमांडिंग ऑफिसर मीच! दर अर्ध्या तासाने दार उघडून आत डोकवायचो. आठवड्याने चिरंजीव वह्या घेऊन मागच्या व्हरांड्यात, आजीच्या खाटेवर जाऊन बसले. शेजारी धुण्याचा दगड, वर वाळत घातलेले कपडे. मी चिडलो, पुन्हा खोलीत बसवलं. त्या वर्षी त्याला हवं ते कॉलेज मिळालं नाही. खोलीमुळे, असं मी म्हणणार नाही. पण त्या दोन महिन्यांत त्याचा जितका अभ्यास झाला असता तितका झाला नाही, हे नक्की. बऱ्याच वर्षांनी तो म्हणाला, "बाबा, त्या खोलीत मी तुमच्या पावलांचा आवाज ऐकत बसायचो. आजी काही विचारायची नाही."

गंमत म्हणजे मला स्वतःला याचा उलटा अनुभव होता. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी मी उंचावरच्या एका बंकरमध्ये केली. टेबल म्हणजे दारूगोळ्याची दोन रिकामी खोकी, उजेड कंदिलाचा, शेजारी धुरकटणारी बुखारी. तरी अभ्यास झाला. कारण आमच्या सुभेदार साहेबांनी कंपनीत सांगून ठेवलं होतं की आठ ते दहा साहेब वाचतात. दुश्मन आला किंवा ब्रिगेडचा फोन आला तरच हाक मारा. जागा त्यांनी तयार केली होती. मी फक्त खोकी मांडली.

आता आमच्या भिलाईचं सांगतो, कारण इथली अडचण पुस्तकात सापडत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो: सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते सकाळी सहा. ज्या घरात वडिलांची पाळी बदलते, त्या घराचं दिवस-रात्रीचं गणितही बदलतं. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा तो जिथे कूलर आहे त्याच खोलीत झोपणार. म्हणजे दुपारी अभ्यासाची खोली गेली. ओळखीच्या एका घरात दहावीच्या मुलीने यावर साधा उपाय काढला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाबांच्या पाळ्या लिहिल्या आणि त्याखाली आपली जागा. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे आतली खोली तिची, दुपारी ती शाळेच्या वाचनालयात किंवा मैत्रिणीकडे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात बाबा संध्याकाळी घरी, तेव्हा ते बातम्या शेजाऱ्यांकडे बघायचे. त्या घराला स्वतंत्र अभ्यासाची खोली नव्हती, पण मुलीला रोज सकाळी माहीत असायचं की आज कुठे बसायचं आहे. जागा शोधण्यात, तिच्यावरून भांडण्यात डोकं खर्च व्हायचं नाही.

आपल्या मराठी माणसाला याहून मोठं उदाहरण लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचं. त्याच खोलीत चूल, भांडी, जळण, जातं, आणि माणसं. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवलं आहे की वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागी स्वतः आडवे होत. भीमराव दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचत. खोली तीच. बापाने झोप सोडली तेव्हा तिच्यात दोन वाजल्यानंतरची अभ्यासिका तयार झाली. दिवसा हेच पोर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे स्वतःचं घर बांधायची ऐपत आली तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यांनी आधी ग्रंथांचा विचार करून बांधलं.

मुंबईतच वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. त्याला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणतात. बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. तिथे सात-आठ माणसं राहत असली तर मुलाने पुस्तक उघडायचं कुठे? म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलं या रस्त्यावर येऊन दिव्याखाली बसत आली. अलीकडे महापालिकेने तिथे बसायची आणि उजेडाची चांगली सोय केली. या गल्लीचा मी खूप विचार केला आहे. भिंत नाही, दार नाही, तरी तिथे अभ्यास का होतो? एक म्हणजे उजेड खात्रीचा. दुसरं, तिथे दुसरं काही करण्यासारखं नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: आजूबाजूचा प्रत्येक जण वाचतो आहे. तिथे मोठ्याने गप्पा मारणाऱ्याला लाज वाटते. पुण्यातल्या अभ्यासिकांत महिन्याचे पैसे भरून मुलं हेच विकत घेतात. खुर्ची घरीही असते.

बरं, आता सामानाकडे येऊ, कारण सामान अगदीच गौण नाही.

उजेड आधी. आपल्या घरांत छताच्या मधोमध ट्यूब असते आणि टेबल भिंतीला लावलेलं. मुलगा बसला की त्याच्याच डोक्याची सावली वहीवर. आज रात्री तुम्ही स्वतः त्या जागी बसून पेन वहीवर धरा आणि सावली कुठे पडते ते बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावऱ्याला उजवीकडून. लिहिण्या-वाचण्याच्या जागी साधारण ५०० लक्स उजेड असावा असं प्रकाशयोजनेची मानकं सांगतात. ते मोजत बसू नका. नऊ वॉटचा एलईडी दिवा वहीपासून दोन-अडीच फुटांवर आणला तर पुरतो. दिवा जवळ आणण्याचं महत्त्व लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या पटीत कमी होतो, म्हणजे सहा फुटांवरचा तोच बल्ब दोन फुटांवर आला की वहीवर सुमारे नऊपट उजेड. वर खोलीतला दिवाही चालू ठेवा. अंधाऱ्या खोलीत एकटा टेबललॅम्प डोळ्यांना शिणवतो. दिव्याचा बल्ब मात्र मुलाला थेट दिसता कामा नये.

इथे छत्तीसगडात आणि विदर्भातही एक खास गोष्ट होते. घराला चांगली खिडकी एक, आणि मार्चमध्ये तिच्यात कूलर बसतो. दिवसाचा उजेड गेला, वाऱ्याने पानं उडू लागली, आणि दमट हवेने वहीचे कागद मऊ पडले. ऐन परीक्षांच्या दिवसांत! कूलर काढा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? टेबल कूलरच्या झोतातून हात-दोन हात बाजूला घ्या, समोरचं दार उघडं ठेवा म्हणजे ओल बाहेर जाईल, आणि दिवसाही दिवा लावा. वीजबिलाकडे बघू नका. कूलरच्या घरघरीची मला फार चिंता नाही. एकसारखा आवाज कानाच्या सवयीचा होतो. खरा त्रास देतं ते माणसाचं बोलणं. शेजारच्या खोलीत कोणी हळू आवाजात जरी काही सांगत असलं, तरी मेंदू त्याचा अर्थ लावायला जातो. म्हणून दिवाणखान्यातल्या मालिकेपेक्षा पंख्याची खडखड परवडली.

टेबल-खुर्ची: टेबलाची उंची २८ ते ३० इंच, खुर्चीची बैठक १७-१८ इंच, हे मोठ्या माणसाचं माप. लिहिताना खांदे वर उचलले जात असतील तर टेबल उंच आहे. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. घरात जेवणाचा जुना पाट असतोच, त्याला काम मिळेल. मांडी घालून उतरत्या डेस्कवर लिहिणंही उत्तम, आपले दिवाणजी जन्मभर तसंच लिहीत आले. फक्त पलंगावर लोळून वाचणं सोडा. पलंगाला एकच हुकूम माहीत असतो.

आणि तो फोनचा कप्पा. अमेरिकेतल्या टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे फोन मुके. तरीही ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांना बुद्धीच्या चाचण्या टेबलावर फोन असणाऱ्यांपेक्षा चांगल्या जमल्या. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा प्रत्येक वेळी तोच निकाल आला नाही, हेही सांगायला हवं. पण दुसऱ्या खोलीत फोन ठेवायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी त्याच बाजूचा. आता तुम्ही म्हणाल, साहेब, क्लासचे धडेच फोनवर असतात. मान्य. तर मग धडा बघण्याची जागा वेगळी करा आणि गणितं सोडवण्याची वेगळी. धडा दिवाणखान्यात बघा, टिपणं काढा, फोन आईजवळ द्या, आणि वही घेऊन टेबलाशी जा. माझे भाग बघणाऱ्या मुलांनाही हाच नियम.

एक गोष्ट मात्र माझ्या फौजी स्वभावाच्या विरुद्ध निघाली. मला वाटायचं जागा एकच हवी, ठरलेली, रोजची. पण १९७८ मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्योर्क या तीन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की शब्दांची एकच यादी ज्यांनी दोन वेगवेगळ्या खोल्यांत पाठ केली, त्यांना ती तिसऱ्या खोलीत जास्त आठवली. विचार केला तर पटतं. परीक्षेचं केंद्र कुठे आपल्या घरात असतं? म्हणून माझी आताची शिफारस अशी: नवीन, अवघड विषय ठरल्या जागी, कारण तिथे बसलं की सुरुवात आपोआप होते. उजळणी मात्र व्हरांड्यात, गच्चीवर, बागेतल्या बाकावर, कुठेही. आजीच्या खाटेवरसुद्धा.

शेवटी एका ताईंचा प्रश्न. दोन खोल्यांचं घर, तीन मुलं तीन इयत्तांत, आणि सासूबाईंची सात ते आठ मालिका. मी त्यांना अभ्यास गल्लीचं सांगितलं. तिघांना वेगळे कोपरे देऊ नका, एकाच सतरंजीवर, एकाच दिव्याखाली, एकाच वेळी बसवा. मोठं वाचतंय हे बघून धाकटं वाचेल. धाकट्याला दीड तास झेपणार नाही, त्याला चाळीस मिनिटांनी मोकळं करा, पण बाहेर खेळायला पाठवा. आणि सासूबाईंना सुनेने सांगू नये. नातवाने जाऊन मागावं.

ताईंनी परवा कळवलं. सासूबाई तयार झाल्या, मालिका आता रात्री साडेनऊला पुन्हा दाखवतात ती बघतात. फक्त शनिवारी सात वाजता टीव्ही लावणारच, असं त्यांनी बजावलं आहे. मी लिहिलं, शनिवार देऊन टाका.