थंड पाण्यातलं डायव्हिंग : बेत शेवटच्या दिवसापासून आखा

आजचा विषय आहे अटलांटिकमधल्या थंड पाण्यातली स्कूबा सहल. विषय मोठा आहे, म्हणून मी एकच ठिकाण घेतो, आझोर्स. लिस्बनच्या पश्चिमेला साधारण १,५०० किलोमीटरवर, भर समुद्रात असलेली पोर्तुगालची ही नऊ बेटं.

सुरुवातीलाच एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. "आम्ही चौघं ऑगस्टमध्ये जातोय. पाच दिवस डायव्हिंग, सहाव्या दिवशी सकाळी पिको पर्वत चढणार, सातव्या दिवशी विमान. बेत कसा वाटतो?" प्रश्न फार चांगला आहे, कारण या बेतात एक खरा धोका लपलाय. तो कुठे आहे, ते बोलता बोलता बघू.

आधी पाणी. आपल्यातले बरेच जण तारकर्ली-मालवणला किंवा अंदमानला डायव्हिंग शिकलेत. तिथलं पाणी २७-२८ अंशांच्या आसपास. आझोर्सचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये १५-१६ अंश आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २२ ते २४ अंश. आता तुम्ही म्हणाल, २२ म्हणजे काय थंड? एसीसुद्धा आपण तेवढ्यावर ठेवतो! (हशा) पण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. पहिल्या डाइव्हला काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या डाइव्हला दात वाजायला लागतात.

आणि तिथं नाव वाजवायच्या जागा किनाऱ्याजवळ नाहीत. फायाल आणि पिको या बेटांच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर प्रिन्सेस अॅलिस बँक आहे. बँक म्हणजे समुद्रात बुडालेला डोंगर. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजाला १८९६ साली तो सापडला, आणि जहाजाचंच नाव त्याला मिळालं. त्याचा माथा सुमारे ३५ मीटर खोल. उन्हाळ्यात तिथं मोबुला येतात, म्हणजे आपल्याकडच्या वागळीचे मोठे, पंख पसरून उडत जाणारे भाऊबंद. फायालच्याच नैर्ऋत्येला, पण बरीच जवळ, कॉन्डोर बँक आहे, तिथं निळे शार्क बघायला नेतात. अॅलिसला जायला बोटीनं तीन तासांच्या आसपास लागतात, यायला तेवढेच. म्हणजे ओल्या अंगानं, वाऱ्यात, तीन तास परत. माणूस पाण्यात जेवढा गारठत नाही, तेवढा इथं गारठतो. म्हणून सुटकेसमध्ये कॅमेऱ्याच्या आधी वारा अडवणारं जाकीट, कोरडे कपडे, कानटोपी आणि उलटीवरचं औषध ठेवा.

सूट कोणता? उन्हाळ्यात बरेच जण ५ किंवा ७ मिलिमीटरचा घालतात, सोबत हूड. थंडी लवकर वाजत असेल तर ७ घ्या. पण जाड सूट जास्त तरंगतो, म्हणून शिशाची वजनं वाढतात. किती, हे अंदाजानं ठरवू नका. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ तपासा: टाकीत ५० बारच्या आसपास हवा, जाकिटातली हवा काढलेली, श्वास नेहमीचा घेऊन धरलेला. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. खोलवर सूट दाबला जातो, पातळ होतो. मग तो तरंगतही कमी आणि ऊबही कमी देतो.

अजून एक गोष्ट. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं आणि नेमका तेव्हाच आझोर्सचा हंगाम. म्हणजे जायच्या वेळी तुमची शेवटची डाइव्ह तीन-चार महिने जुनी असणार. आधी तलावात एक उजळणी करून जा. अॅलिससाठी बरीच केंद्रं प्रगत प्रमाणपत्र आणि अनुभव मागतात, ते आधी विचारून घ्या.

आता थंडीचा आणि नायट्रोजनचा संबंध. खाली असताना दाबामुळे श्वासातला नायट्रोजन अंगात विरघळतो. वर येताना तो रक्तावाटे फुप्फुसांतून हळूहळू बाहेर पडतो. खाली जाताना तुम्ही उबदार असता, रक्त हातापायांत नीट खेळतं, नायट्रोजन चांगला भरतो. वर येईपर्यंत गारठलेले असता, रक्तवाहिन्या आकसतात आणि बाहेर पडणं मंदावतं. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग प्रयोगशाळेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत हेच दिसलं: खाली उबदार आणि वर येताना थंड राहिलेल्यांत डिकम्प्रेशनचा आजार जास्त. बहुतेक मनगटी कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतात. तुम्ही कुडकुडताय, हे त्यांच्या हिशेबात नसतं. म्हणून वेळेची मर्यादा गाठायच्या आधीच वर निघा, आणि थंडी वाजली तर त्या दिवसाची दुसरी डाइव्ह सोडा.

आता चिठ्ठीकडे येतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेचा सल्ला असा: एकच साधी डाइव्ह केली तर विमानाआधी किमान १२ तास, रोज अनेक किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्या तर किमान १८ तास थांबा. डिकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. हा सल्ला ६०० ते २,४०० मीटर उंचीइतक्या हवेच्या दाबासाठी आहे, कारण विमानाच्या केबिनमध्ये दाब तेवढाच असू शकतो. आणि पिकोचा माथा? २,३५१ मीटर. म्हणजे पाचव्या दिवशी दुपारी डाइव्ह करून सहाव्या दिवशी सकाळी पिको चढणं हे नायट्रोजनच्या दृष्टीनं लगेच विमानात बसण्यासारखंच आहे. चढाईची सुरुवातच सुमारे १,२०० मीटरवर होते, वर काही तासांची दमछाक. बेतात विमानासाठी दिवस सोडलाय, पण डोंगरासाठी नाही.

उपाय सोपा आहे. डोंगर आधी, पाणी नंतर. दहा दिवस असतील तर पहिले दोन प्रवास आणि विश्रांती. तिसऱ्या दिवशी पिको. चौथ्या दिवशी आराम आणि मादालेनाहून बोटीनं ओर्ताला परत, अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास. पाचव्या दिवशी किनाऱ्याजवळ वजनांची तपासणी. सहा, सात, आठ खुला समुद्र. अॅलिस आणि कॉन्डोरला दोन दिवस पुरतात, तिसरा हवामानासाठी राखीव. नववा पूर्ण कोरडा. दहाव्याला विमान. समुद्र खवळला आणि राखीव दिवसही गेला, तर नवव्या दिवसाला हात लावायचा नाही. मोह तिथंच होतो, म्हणून घरूनच ठरवून जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. त्याला लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा वेगळा आणि डायव्हिंगचा विमा वेगळा. साध्या विम्यात डायव्हिंग वगळलेलं असू शकतं, अटी वाचा. ओर्ताच्या रुग्णालयात उच्चदाब कक्ष आहे, पण तो त्या आठवड्यात चालू आहे का, हे तुमच्या केंद्राला जाण्याआधी विचारा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, अकारण थकवा वाटणं, असं काहीही झालं तर "दमलो असेन" म्हणून झोपू नका. लगेच सांगा.

चिठ्ठी पाठवणाऱ्या चौघांनी बाहेर पडताना मला भेटा, तारखा आत्ताच बदलून टाकू.