फाटलेली रबरी नळी आणि ‘मोकळा श्वास’

जुन्या मोटारसायकलींचा सांभाळ करणाऱ्या मंडळींत एक समजूत इतकी खोलवर रुजलेली आढळते की, तिचे खंडन करू जाणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहू लागतात. एअर फिल्टरच्या पेटीपासून कार्बोरेटरपर्यंत आणि कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंत जी जोडणी असते, तिच्या रबराला भेग पडली, कडा झिजली किंवा आवळपट्टी सैल झाली, तर त्यात चिंतेचे काही कारण नाही. उलट इंजिनाला हवा अधिक मिळते, ते मोकळा श्वास घेते आणि गाडी जास्त पळते, अशी ती समजूत. यामाहा आरएक्स १०० चे कोल्हापुरापासून नागपुरापर्यंत पसरलेले चाहते, आणि ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणे जपणारी घराणी, यांच्याकडून हा युक्तिवाद मी वारंवार ऐकत आलो आहे, आणि काहींनी तर त्याच विश्वासाच्या भरात फिल्टरची पेटीच सोडवून अडगळीत टाकलेली पाहिली आहे. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचे अस्सल सुटे भाग आज मिळेनासे झाले आहेत. अशा यंत्राची त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून ही हेळसांड व्हावी याचा मला मनापासून विषाद वाटतो, आणि म्हणून या प्रश्नाचा एकदा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे आहे.

या समजुतीत सत्याचा जो अंश आहे तो प्रथम मान्य केला पाहिजे. इंजिनाची शक्ती अखेर त्याच्यात किती हवा शिरली यावर अवलंबून असते हे खरे; मात्र त्या हवेबरोबर तिच्या प्रमाणात पेट्रोल शिरले तरच. वजनाच्या हिशेबाने एक भाग पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते, म्हणजे एका लीटर पेट्रोलाच्या वाट्याला नऊ हजार लीटरच्या आसपास हवा येते. शिवाय जास्तीत जास्त शक्ती या तंतोतंत प्रमाणावर मिळत नसून त्याहून किंचित अधिक पेट्रोल असलेल्या मिश्रणावर, म्हणजे १२.५ ते १३ भाग हवेवर मिळते. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी जॉन हेवूड यांचा अंतर्ज्वलन इंजिनांवरील १९८८ चा प्रमाणभूत ग्रंथ उघडून पाहावा. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर शक्ती वाढत नाही, घटते. यात मतभेदाला जागाच नाही.

हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरकडे आहे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबाच्या मानाने जेटमधून पेट्रोल वर खेचले जाते. म्हणजे प्रत्येक हिश्शाच्या हवेबरोबर पेट्रोलाचा ठरलेला हिस्सा रुजू होतो. कार्बोरेटरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, रबराला भेग असेल, तर तेथून येणारी हवा ही जकातनाका चुकवून आडवाटेने शहरात शिरलेल्या मालासारखी आहे: तिची नोंद कोठेही होत नाही आणि तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणीही देत नाही.

येथपर्यंत ऐकून घेणारेसुद्धा पुढे म्हणतात की, मग मोठा जेट बसवावा म्हणजे झाले. या उपायातील दोष समजण्यासाठी भेगेतून हवा केव्हा येते, याचा नीट विचार केला पाहिजे. बाहेरची हवा आत ढकलली जाते ती आतला दाब वातावरणाच्या दाबाहून कमी असतो म्हणून. आणि हा फरक सर्वाधिक केव्हा असतो, तर थ्रॉटल मिटलेला असताना, म्हणजे गाडी जागेवर संथ चालू असताना किंवा खंबाटकीच्या घाटासारख्या लांब उतारावर थ्रॉटल सोडून गाडी उतरत असताना. थ्रॉटल पूर्ण उघडला की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि भेगेतून येणारी हवाही नगण्य होते. तेव्हा ज्या क्षणी शक्ती हवी आहे, त्या क्षणी ही भेग जवळजवळ काहीच देत नाही; आणि ज्या क्षणी शक्तीची गरजच नाही, त्या क्षणी ती मिश्रणाची सर्वांत जास्त नासाडी करते. म्हणूनच एकच मोठा मेन जेट या दुखण्याला पुरा पडू शकत नाही: मेन जेटचा अंमल थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर चालतो, तर भेगेचा अंमल तो मिटल्यावर. परिणामी गाडी वरच्या वेगात पेट्रोल पिते, काळा धूर सोडते, आणि खालच्या वेगात पूर्वीसारखीच अडखळत राहते. ही स्थिती घेऊन आलेल्या गाड्यांत नव्या जेटांवर पैसे आधीच खर्ची पडलेले असतात. ज्या रबरी भागाने मूळ दुखणे मिटले असते, तो मात्र जुनाच असतो, हे पाहून चीड येते.

यंत्राला होणारी हानी याहून गंभीर आहे. पेट्रोल कमी असलेले मिश्रण सावकाश जळते. पिस्टन खाली जाऊ लागला तरी ज्वलन चालूच राहते, आणि जी उष्णता कामात रूपांतरित व्हायची ती सिलिंडरच्या भिंती व एक्झॉस्टचा मार्ग तापवते. किंचित जास्तीचे पेट्रोल वाफ होताना जो गारवा देते, त्यालाही इंजिन मुकते. बुलेटसारख्या चार-स्ट्रोक इंजिनात याचा पहिला फटका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसतो. दोन-स्ट्रोकात मामला अधिक नाजूक आहे, कारण तेथे वंगण पेट्रोलाच्या वाटेनेच येते. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या येझदीत तेल पेट्रोलातच मिसळावे लागे. तेव्हा पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि तेही इंजिन जास्त तापलेले असताना. आरएक्स १०० मध्ये तेलाचा स्वतंत्र पंप आहे, म्हणून तिचे मालक निश्चिंत असतात; परंतु तो पंप थ्रॉटलशी जोडलेला असल्याने थ्रॉटल मिटला की त्याचाही पुरवठा घटतो, आणि पातळ मिश्रणाची उष्णता कमी करणे तर त्याच्या अखत्यारीतच नाही. तापलेला अल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतो, बोअरला घासतो, आणि धावत्या गाडीचे मागचे चाक एकाएकी जाम होते. ज्याला लोक ‘इंजिन सीझ झाले’ असे म्हणून तेलाच्या नावाने बोटे मोडतात, त्याचा उगम पुष्कळदा एका फाटक्या रबरी तुकड्यात असतो.

भेग कार्बोरेटरच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूस असेल, तर हवेची नोंद बव्हंशी होते, पण ती गाळली जात नाही. ही हानी त्याच दिवशी दिसत नाही, म्हणूनच तिच्याकडे काणाडोळा होतो. हवेचे मान पाहा: बुलेटचे ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर ते मिनिटाला सातशे लीटरच्या आतबाहेर हवा ओढू शकते, आणि आरएक्स १०० चे ९८ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिनही, दोन-स्ट्रोक असल्यामुळे, ७५०० फेऱ्यांवर जवळपास तेवढीच. चैत्र-वैशाखात मराठवाड्याच्या किंवा सोलापूर जिल्ह्याच्या कच्च्या रस्त्यावर, ट्रकामागून जाताना, या हवेत किती धूळ असते हे सांगावयास नको. वाळूतील क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या मापनात ७ आहे, पोलादी चाकूहूनही जास्त. आणि पिस्टनरिंग व बोअर यांच्यामधल्या तेलाच्या थरात हे कण मिसळले की जो लेप तयार होतो, तो व्हॉल्व्ह घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मलमाहून गुणधर्माने फारसा वेगळा नसतो. फिल्टरची पेटी काढून टाकणाऱ्यांना एवढेच निक्षून सांगायचे आहे की, शर्यतीच्या गाड्यांना उघडा कर्णा बसवत असले, तरी त्यांचे जेट त्यासाठी नव्याने ठरवतात आणि त्यांचे इंजिन थोड्या थोड्या अवधीने उघडतात. रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीला हा दाखला लागू पडत नाही.

आता रबराविषयी. उष्णता, तेलाची वाफ आणि हवेतील ओझोन यांनी रबर कडक होते. प्रथम पृष्ठावर जाळीदार चिरा दिसतात, नंतर त्या आरपार जातात. यात अलीकडे इथेनॉलची भर पडली आहे. जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलात १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर मिळू लागले. जुन्या काळच्या रबराची घडण इथेनॉल गृहीत धरून झालेली नव्हती, हा एक भाग. दुसरा, कमी चर्चिला जाणारा भाग असा की, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने २० टक्के मिश्रणाला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास हवा पुरते. म्हणजे जुना जेट तसाच असेल, तर गाडी आधीच थोडी कोरडी चालते आहे. त्यात भेगेची हवा आली की राहिलेसाहिले अंतरही संपते.

निदान कठीण नाही. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल सोडूनही रेस खाली येत नसेल, स्लो कधी वर कधी खाली होत असेल, प्लगची चिनी माती तांबूस-तपकिरी असण्याऐवजी पांढरीफटक असेल, तर इंजिन संथ चालू ठेवून सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. पाण्याने भेग क्षणभर बुजते आणि आवाजातला फरक कानाला कळतो. यासाठी पेट्रोल शिंपडण्याची जी पद्धत रूढ आहे, ती तापलेल्या इंजिनाजवळ आणि प्लगच्या ठिणगीजवळ आगीला निमंत्रण देणारी असल्याने कोणी अवलंबू नये. रबर काढून उजेडासमोर वाकवून पाहिले म्हणजे मिटलेल्या चिराही उघड होतात. दोन-स्ट्रोकात रबर निर्दोष निघूनही लक्षणे कायम राहिली, तर क्रँकच्या मॅग्नेटो बाजूचे ऑइल सील तपासावे. दोन्ही तोंडे बंद करून सहा पौंडांच्या हलक्या दाबाची हवा आत सोडली आणि साबणाचे पाणी लावले की गळती जागा दाखवते.

दुरुस्ती म्हणजे रबर बदलणे, दुसरे काही नाही. सिलिकॉनचा लेप हा उपाय गॅरेजोगॅरेज चालतो, पण साधा सिलिकॉन पेट्रोलात फुगतो, मऊ पडतो, आणि त्याची सुटलेली लगदी थेट इंजिनात जाते. एपॉक्सीची लुकण लवचीक रबरावर टिकत नाही, पहिल्याच हादऱ्यांनी तिच्या कडेने नवी भेग पडते. नवे रबर बसवताना ते कोमट पाण्यात ठेवून मऊ करावे. आवळपट्टी रबरात रुतेपर्यंत कसू नये. बुलेटच्या जुन्या कार्बोरेटरप्रमाणे जेथे दोन स्टडांवर फ्लँज बसते, तेथे नट फाजील आवळून फ्लँजचे कान वाकलेले असतात, आणि मग नवी गॅस्केटही हवा रोखू शकत नाही. अशा वेळी जाड काचेवर बारीक एमरी कागद ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवून, फ्लँजचे पृष्ठ सपाट करावे आणि पोलादी पट्टी आडवी धरून प्रकाश दिसेनासा होईपर्यंत तपासावे. हे सर्व झाल्यानंतरच जेटला हात लावावा, आणि तोही आधी निर्मात्याने ठरवलेल्या क्रमांकावर परत आणण्यासाठी.

काही किरकोळ समजुती राहिल्या. प्लग पांढरा म्हणजे ज्वलन स्वच्छ, हे चूक. ते अतितापाचे चिन्ह आहे. थ्रॉटल सोडताच सायलेंसरमध्ये फटाके वाजणे हे जोमाचे लक्षण नव्हे. न पेटलेले पातळ मिश्रण तेथे जाऊन पेटते. वाढलेली स्लो स्क्रू फिरवून उतरवली की दोष गेला, असे नाही, तो झाकला गेला. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येत नाही. स्पंजाचा धुता येतो, पण कोरडा बसवला तर तो बारीक धूळ अडवत नाही, त्याला तेलाचा हलका हात लागतोच. दोन गॅस्केटा एकावर एक ठेवल्याने सांधा दुप्पट घट्ट होत नाही, उलट दाबला गेल्यावर लवकर सैल पडतो. आणि तीस वर्षे बंद पाकिटात राहिलेला कंपनीचा मूळ रबरी भाग आजच्या नव्या भागाहून सरस असतो हेही खरे नाही. रबर पाकिटातही म्हातारे होते, तेव्हा असा भाग विकत घेण्यापूर्वी तो दुकानातच, विक्रेत्याच्या देखत, वाकवून पाहावा.