१३९ व्या जागेवरचा फॉस्फेट

किरणोपचाराची एका दिवसाची नेहमीची मात्रा २ ग्रे. तेवढ्याने एका पेशीतल्या डीएनएचा एकच धागा सुमारे २,००० ठिकाणी तुटतो. दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याचे प्रकार घडतात ४० ते ८०. आकडा मोठा पहिला, धोका मोठा दुसरा. एक धागा तुटला तर समोरचा बघून तो सांधता येतो. दोन्ही तुटले की भलतीच टोके जोडली जाऊ शकतात, गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे होतात आणि कर्करोगाला वाट मिळते.

ही तूट पेशीला कळते ती प्रथिनांवरच्या खुणांमुळे. डीएनएच्या १४७ बेस-जोड्या आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळाभोवती गुंडाळलेल्या असतात. त्यांतल्या एच२एएक्स या प्रकारात अमिनो आम्ले १४२. तूट झाली की काही मिनिटांत १३९ व्या जागेवर फॉस्फेट चिकटतो. प्रथिनाच्या वजनात भर पडते जेमतेम अर्धा टक्का, पण खूण तुटीच्या आसपास वीस लाख जोड्यांपर्यंत पसरते. विल्यम बॉनर यांच्या अमेरिकेतील गटाने १९९८ मध्ये ती दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे ठिपके चक्क मोजता येतात.

ही खूण कमी पडली तर काय होते, ते २००३ मध्ये उंदरांत दिसले. पी५३ हे रक्षक प्रथिन नसलेल्या उंदरांत एच२एएक्सच्या जनुकाची दोनपैकी एक प्रत गेली, तरी जनुकसंच अस्थिर झाला आणि गाठी वाढल्या.

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, संजय गुप्ता यांच्या गटाने २०१५ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. किरणांचा मारा झालेल्या, पण डीएनएची नक्कल अजून सुरू न केलेल्या पेशींत एच२एएक्सवर फॉस्फेट चढतो, तेव्हा एच३ हिस्टोनच्या १० व्या जागेवरचा फॉस्फेट उतरतो. पेशी सावरली की तो परत येतो. माझ्या मते खरी गोम इथेच आहे: खूण लावण्याइतकेच ती वेळेवर पुसणेही दुरुस्तीचा भाग आहे.

बीआरसीए१ हे १,८६३ अमिनो आम्लांचे प्रथिन खुणा वाचणे आणि लावणे या दोन्ही कामांत आहे. शेवटच्या भागाने ते इतर प्रथिनांवरचे फॉस्फेट ओळखते, सुरुवातीच्या भागाने ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन चिकटवते. त्याच्या जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रीला ८० व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७२ टक्के, बीजकोशाच्या कर्करोगाचा ४४ टक्के. अशा गाठींतली डीएनएची दुरुस्ती आधीच लंगडी. पार्प हे दुसरे दुरुस्तीचे प्रथिन अडवले की त्या मरतात, हे २००५ मध्ये दिसले. त्यावर बेतलेले ओलापॅरिब हे औषध २०१४ मध्ये मंजूर झाले.

ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार होते. बहुतेकींचा बीआरसीए१शी संबंध नसतो. तरी घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. जनुकातला हा बदल वडिलांकडूनही येतो. तेव्हा मावशीबरोबर आत्याचीही माहिती सांगा.