दीड फुटी शब्द

अर्ज लिहिताना तुम्हीही हे करत असणार. आधी ‘यूज’ लिहायचं, मग तो फारच बाळबोध वाटतो म्हणून ‘युटिलाइज’ करायचं. ‘हेल्प’चं ‘फॅसिलिटेट’ करायचं. माझ्या पहिल्या इंटर्नशिपच्या अर्जात मी अशी बरीच सजावट केली होती. इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवून विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ आणि मला माझंच वाक्य कळेना!

अशा भाषेसाठी इंग्रजीत एक झकास विशेषण आहे, सेस्क्विपेडेलियन. घाबरू नका, फोडून बघा. लॅटिनमध्ये ‘सेस्क्वी’ म्हणजे दीड. ‘पेड’ म्हणजे पाऊल, आपल्या पेडलमधलं तेच. थोडक्यात, दीड फुटी! लांबलचक शब्दांना हे विशेषण लागतं, तसंच ते वापरणाऱ्या माणसालाही, आणि बहुतेकदा चिमटा काढायला. आपल्याकडेही अतिशहाण्याला ‘दीडशहाणा’च म्हणतात. दोन्ही भाषांना चेष्टेसाठी नेमकं दीडच कसं सापडलं, कोण जाणे.

शब्दाचं मूळ आहे रोमन कवी होरेसच्या ‘आर्स पोएटिका’मध्ये. म्हणजे तब्बल दोन हजार वर्षांपूर्वी. तिथला संदर्भ मात्र चेष्टेचा नाही. शोकांतिकेतले टेलिफस आणि पेलिअस हे राजे कंगाल होऊन देशोधडीला लागतात. प्रेक्षकांच्या काळजाला हात घालायचा तर त्यांनाही दीड फुटी शब्द टाकून द्यावे लागतात, असं होरेस म्हणतो. त्यांच्या दुःखाच्या साध्या बोलीला तो ‘पायी चालणारी’ म्हणतो. ‘पेडेस्ट्रियन’ शब्दाचं मूळही तेच. आज एखाद्याच्या लिखाणाला पेडेस्ट्रियन म्हटलं तर त्याला राग येईल!

पण मोठ्या शब्दांचा सोस असणारे सगळेच काही शायनिंग मारत नसतात. एच. जी. वेल्सच्या ‘द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली’ (1910) या कादंबरीचा नायक दुकानात नोकरी करणारा, अर्धवट शिकलेला. भारदस्त शब्दांवर त्याचा भारी जीव, पण उच्चार चुकेल ही धास्तीही तेवढीच. मग तो युक्ती काढतो. सगळे शब्द मुद्दामच वाकडेतिकडे उच्चारायचे, म्हणजे लोकांना अज्ञान न वाटता लहर वाटेल. सेस्क्विपेडेलियनचीही तो अशीच मोडतोड करतो. आपण हसतो खरे, पण मराठी मीडियममधून येऊन ग्रुप डिस्कशनला बसलेल्या कुणालाही ही धास्ती ओळखीची वाटेल. मला तरी पॉली दीडशहाणा वाटत नाही. त्याला शब्द मनापासून आवडतात, एवढंच.

इंटरव्ह्यूत शेवटी मी कसंबसं सांगितलं, ‘लायब्ररीतली जुनी मासिकं वर्षांप्रमाणे लावली आणि त्यांची यादी केली.’

बाई म्हणाल्या, ‘अरे, मग हेच लिहायचं की!’